बुधिया, गंगी, गोरी : जात आणि बाई एकाच कथेत कुठं भेटतात?

कृष्णाकाठची (सांगली)

आमच्या वाचनगटात या महिन्यात प्रेमचंदांची 'कफन' झाली. भडंगाचं पातेलं रिकामं झालं तरी वाद मिटेना, म्हणून इथं धागा काढतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. थंडीची रात्र. झोपडीच्या दारात घिसू आणि माधव हे बापलेक विझत आलेल्या जाळापाशी बसून, कुणाच्या तरी शेतातून उपटून आणलेले बटाटे भाजून खातायत. आत माधवची बायको बुधिया बाळंतपणाच्या कळांनी तडफडतेय. दोघांपैकी कुणीच आत जात नाही, कारण जो उठेल त्याच्या वाटणीचे बटाटे दुसरा फस्त करील. सकाळी बघतात तर ती मेलेली. जमीनदारापासून सुरुवात करून कफनासाठी पाच रुपये गोळा होतात आणि दोघं ते दारूच्या गुत्त्यावर उडवतात. हिंदीत १९३६ साली आलेली ही कथा.

गटातल्या एका मॅडमचं म्हणणं, गरिबीनं माणूस दगड होतो त्याची ही कथा. त्यावर दुसरीनं विचारलं, "मग बुधियाचं काय?" पुस्तक पुन्हा उघडलं. बुधिया अख्ख्या कथेत एक वाक्य बोलत नाही. कण्हते, किंचाळते, तेवढंच. लग्न होऊन वर्ष झालेलं. त्या वर्षात दळणं करून, गवत कापून तिनं या दोन ऐतखाऊंना पोसलं, हेही निवेदक सांगतो म्हणून आपल्याला कळतं.

आता माझं मत मांडते, मग तुम्ही फोडून काढा. आपल्या उपखंडातल्या कथांमध्ये जात आणि बाई बहुतेक वेळा एकमेकींना चुकवून चालतात. जातीची कथा म्हटली की विहीर, देऊळ, मेलेलं ढोर आणि मधोमध एक पुरुष. बाईची कथा म्हटली की माजघर, चूल, सासू, आणि तिथं जातीचा उल्लेखही नाही, कारण घर वरच्या जातीचं असतं आणि तिथं कुणाला स्वतःची जात टोचत नाही. दोन्ही गोष्टी एकदम दिसतात त्या दोन जातींच्या बायका समोरासमोर आल्या की.

प्रेमचंदांचीच 'ठाकुर का कुआँ' घ्या. १९३२ सालची, म्हणजे महाडचं तळं होऊन पाच वर्षं झालेली. गंगीचा नवरा जोखू आजारी आहे. घरातल्या पाण्याला वास येतोय, विहिरीत जनावर पडून मेलं असणार. गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते आणि अंधारात दबा धरून बसते. तेवढ्यात दोन बायका पाणी भरायला येतात. त्यांचं बोलणं नीट ऐका. पुरुष जेवायला बसले की ताज्या पाण्याचा हुकूम सुटतो, आपण काय बटक्याच आहोत, दोन घटका टेकायची सोय नाही, वगैरे. थोडक्यात, आमच्या सोसायटीच्या जिन्यात रोज चालतं तेच. गंगी ते सगळं ऐकते. तरी आपण दिसलो तर पहिली हाळी याच दोघी देतील, हेही तिला पक्कं ठाऊक आहे. त्या गेल्यावर ती घागर सोडते, ओढते, आणि ठाकुराचं दार उघडतं. घागर विहिरीत, गंगी पळत घरी. घरी जोखू तेच घाण पाणी पीत असतो.

विहिरीवरचा तो दोन बायकांचा संवाद मला अख्ख्या 'कफन'पेक्षा मोठा वाटतो. अशा कथा सुचवा.

हळदीचा भाव

ताई, पहिला प्रश्न. भडंग कुठलं होतं? सांगलीचं की जयसिंगपूरचं? यावरही धागा निघेल.

दुसरा प्रश्न, हे सगळं मराठीत आहे का? आपलं हिंदी म्हणजे बाजार समितीत मारवाड्याशी बोलण्यापुरतं.

जुना वाचक (वाई)

'कफन'वर तुम्ही अन्याय करताय असं नम्रपणे म्हणतो. बुधिया बोलत नाही हीच लेखकाची चाल आहे. तिला चार वाक्यं दिली असती तर वाचक तिच्यासाठी रडून मोकळा झाला असता. तिचं कण्हणं दाराआडून येत राहतं आणि आपण वाचक घिसू-माधवबरोबर बाहेर बटाटे खात बसतो. ती अडचण आपली आहे.

अर्थात हिंदीतल्या दलित समीक्षकांनी या कथेवर वेगळाच आक्षेप घेतलेला आहे, ओमप्रकाश वाल्मीकींनीही. चांभाराची जात सांगून वर आळशी, निर्दय बापलेक रंगवले, ते कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मानतो. आपल्याकडं १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. केवढा गदारोळ झाला होता, आणि ही कोण बाई याचा शोध सुरू झाला. मागाहून कळलं, मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं, त्या काळात ते धाडसच. पण त्या मुलींच्या घरात भांडी कोण घासतं, हे त्या पुस्तकाला विचारावंसं वाटत नाही. याच बाईंनी पुढं 'बळी' लिहिली, सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीवर, जिथं इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती डांबल्या होत्या. म्हणजे नजर होती. फक्त एका पुस्तकात माजघर आणि दुसऱ्यात वसाहत.

कृष्णाकाठची

जुना वाचक काका, 'बळी'ची आठवण काढलीत ते बरं केलंत. हळदीचा भाव, भडंग घरचं होतं, विषय संपला.

आता इस्मत चुगताईंची 'दो हाथ' सांगते. चुगताई म्हटलं की लोक 'लिहाफ' आणि त्या कथेवरच्या लाहोरच्या अश्लीलतेच्या खटल्यापाशी थांबतात. मला ही जास्त आवडते. मेहतर रामअवतार लढाईवर गेलाय, मागं त्याची म्हातारी आई आणि तरुण बायको गोरी. गोरी ठसक्यात चालते, हसते, आणि हवेलीतल्या पुरुषांच्या नजरा झाडूबरोबर फिरतात. मग काय होतं? हवेलीतल्या बायकांची बैठक भरते! म्हातारीला बोलावून तंबी, सुनेला आवर घाल. या बायका स्वतः पडद्यात, स्वतःच्या नवऱ्याला एक शब्द विचारायची छाती नाही, पण मेहतराच्या सुनेचा बंदोबस्त करायला सगळ्या एका पायावर तयार.

पुढं नवरा परत येतो तोवर गोरीला मूल झालेलं. हिशोब जुळत नाही हे सगळ्या मोहल्ल्याला कळतं. साहेब स्वतः रामअवतारला समजावतात की बाबा, हे तुझं नाही. तो म्हणतो ते असं की नसेना, मोठा होईल, दोन हात कामाला लागतील, म्हातारपणाला आधार होईल. हवेलीचं सगळं नीतिशास्त्र तिथं पालथं पडतं. ज्याच्याकडं वारसानं द्यायला जमीन नाही, घराणं नाही, त्याला मुलाच्या रक्ताचा पुरावा कशाला लागेल?

माझी कसोटी हीच. दोन बायका समोरासमोर.

माणदेशी मुशाफिर (आटपाडी)

ताई, तुमी प्रेमचंद, चुगताई करताय ते झ्याक, पर आपल्या जिल्ह्याचं काय? वाटेगाव काय लखनौला हाय व्हय?

अण्णा भाऊ वाटेगावचे, वाळवा तालुका. शंकरराव खरात आमच्या आटपाडीचे. व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे, म्हंजी आमचाच तालुका. वामन होवाळ तडसरचे. चारुता सागर मळणगावचे, कवठेमहांकाळ. एवढ्या कोरड्या मुलखात एवढे कथाकार कसे पिकले हे मला आजवर उमगलं न्हाई. खरात आन माडगूळकर, दोघांनी तेच माळ बघितले, तीच गावं. खरातांचा बाप गावकीचं काम करत दारोदार हिंडणारा. एकाच येशीची आत-बाहेरची बाजू दोघांची दोन वह्यांत उतरलेली हाय. जोड्यानं वाचा म्हणतो मी.

होवाळांची 'मजल्याचं घर' तर वाचाच. बयाजी मुंबईच्या गोदीतनं निवृत्त होऊन गावी येतो, त्याला माडीचं घर बांधायचंय. पाटील म्हणतो, महारानं माडी बांधायची न्हाई, पायरीनं ऱ्हा. तो भायनं दिसणार न्हाई असा आतल्या आत मजला काढतो. वास्तुशांतीच्या राती घर जळतं, बयाजी मरतो. पोरं दिवस घालायच्या ऐवजी नव्या घराचा पाया खणाय लागत्यात, माडीच्या घराचा. अंगावर काटा येतो. पर ताईंच्या कसोटीला ती टिकायची न्हाई. भांडण सगळं बाप्यांचं, बायकांकडं आरडाओरडा तेवढा.

आन 'दर्शन', चारुता सागरांची. 'जोगवा' पिक्चर ज्या लिखाणावर उभा हाय त्यातली एक. हितनं सौंदत्तीला चालत जाणाऱ्या जोगतिणी, यल्लम्माला सोडलेल्या बाया, म्या ल्हानपणी दारात बघितल्यात. परडी घेऊन आल्या की आमची म्हातारी पाया पडायची. आन त्याच बाईला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. तुमची कसोटी ती हीच न्हवं?

कृष्णाकाठची

दादा, अगदी हीच. पाया पडणं आणि उंबऱ्याबाहेर ठेवणं, एकाच बाईला, एकाच मिनिटात. 'दर्शन' यादीत घेतली.

सातारी कंदी

चर्चा छान, पण कुठल्या काळात आहात? जातपात आता राहिली कुठं? हॉटेलात कोण कुणाला जात विचारतो? हे जुने विषय उकरून काढण्यातच लेखकांना पुरस्कार मिळतात. आजच्या स्त्रीचे प्रश्न वेगळे आहेत, करिअर, ताण वगैरे.

हळदीचा भाव

हॉटेलात विचारत नाहीत, खरंय. स्थळ बघताना पहिल्या फोनवर विचारतात.

फलटणची लेक

हळदीचा भाव यांनी उत्तर दिलंच आहे, मी वेळ घालवत नाही.

कृष्णाकाठची ताई, तुमचा धागा मनापासून वाचला. पण तुमच्या कसोटीत एक गोम आहे. दोन जातींच्या बायका समोरासमोर पाहिजेत असं म्हटलं की दलित बाईची गोष्ट सुरू व्हायला आधी एक सवर्ण बाई स्टेजवर यावी लागते. म्हणजे आम्ही पुन्हा तुमच्या विहिरीच्या आडोशालाच बसायचं का?

ऊर्मिला पवारांच्या कथा घ्या. 'सहावं बोट' १९८८, 'चौथी भिंत' १९९०, हे त्यांचे कथासंग्रह. 'कवच' मध्ये आई आंबे घेऊन बाजारात जाते. आंब्यांच्या नावावरून पुरुषांचे घाणेरडे विनोद, आणि शाळकरी पोराला आईची लाज वाटायला लागते. तू जाऊ नकोस म्हणून हट्ट धरतो. ती जाते. गिऱ्हाइकाच्या तोंडाला तोंड देते. तिच्यासमोर दुसरी कुठली बाई नाही, तिला तिची गरजही नाही. बाजार आहे, पाटी आहे, तिची जीभ आहे आणि बघत असलेलं पोर आहे. बुधिया आणि ही, यांच्यात पन्नासेक वर्षांचं अंतर आहे आणि लिहिणारा हात बदललाय. माझ्या मते फरक या हातानंच पडलाय. मौनाची चाल वगैरे जुना वाचक काका म्हणाले, ते मला शिकवल्यासारखं वाटतं. कण्हणाऱ्या बाईच्या जागी स्वतःची आई ठेवून ती कथा लिहायला गेला असता तर कुठलाच लेखक तिला गप्प ठेवू शकला नसता.

आणि दुसरं. वरचे सगळे अत्याचार बाहेरच्यांकडून. घरातल्यांचं काय? आमच्या फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं. कथा नाही, आत्मकथन आहे, तरी या धाग्यात आलंच पाहिजे. सासरहून पळून आलेल्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा ठोकायचे, तो ओढत ती घरभर काम करायची, पाय रक्तबंबाळ. हे आमच्याच वस्तीत, आमच्याच माणसांनी केलेलं, आणि बेबीताईंनी ते तसंच लिहिलं. स्वतः त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून, नवऱ्याला कळू नये म्हणून वह्या लपवून लिहीत होत्या. वर्षानुवर्षं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळं ते लिखाण बाहेर आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. माझ्या आईनं ते वाचलं तेव्हा पहिलं काय म्हणाली? "एवढं सगळं का सांगितलं लोकांना?" घरची धुणी बाहेर धुवायची भीती आम्हाला जास्तच असते, कारण बाहेरचे टपून बसलेले असतात, बघा यांच्यात कसं असतं म्हणायला.

बाबुराव बागुलांच्या 'आई' मध्ये हे आहे. वर्गात मास्तर आईची कविता शिकवतायत आणि पोरं पांडूला हिणवतायत, कारण त्याच्या विधवा आईचं नाव मुकादमाशी जोडलेलं. पण तिच्या रूपावर पहिला पहारा बसवला होता तो तिच्याच क्षयानं खंगलेल्या नवऱ्यानं, संशय घेऊन, मारहाण करून. बागूल जातीवर एवढे पेटून लिहितात आणि तरी नवऱ्याला सोडत नाहीत. म्हणून मोठे.

जुना वाचक

आईला तिथं ठेवून बघा, हे वाक्य बिनतोड आहे. तरी चाल ती चालच, एवढं म्हणून गप्प बसतो.

साताऱ्याचा वकील

मी साहित्यातला माणूस नाही. पण दोन बायका आणि जात म्हटल्यावर मला एक खटला आठवला, १९०५ चा, कोचीन संस्थानातला. कुरियेडत्तु तात्री ही नंबुद्री, म्हणजे केरळी ब्राह्मण घरातली स्त्री. तिच्यावर व्यभिचाराचा संशय आला आणि जातीच्या रिवाजानं स्मार्तविचार, म्हणजे अशा बाईची जातीनं करायची चौकशी, भरला. त्याची पहिली पायरी ठाऊक आहे का? दासीची चौकशी. मालकिणीच्या अब्रूचा निवाडा मोलकरणीच्या जबानीनं सुरू व्हायचा. तात्रीनं मात्र उलटा डाव टाकला, ज्या ज्या पुरुषांशी संबंध आला त्यांची खाणाखुणांसकट नावं घेतली. साठाहून अधिक निघाली. सगळे बहिष्कृत. याच समाजात जन्मलेल्या ललितांबिका अंतर्जनम् यांनी त्यावर 'प्रतिकारदेवता' ही मल्याळी कथा लिहिली. तात्री रात्री लेखिकेपुढं येऊन स्वतःची हकीगत सांगते.

आता कामाचं बोलतो. तुम्ही विहीर, बाजार, स्मशान शोधताय. मी रोज जिथं उभा असतो ती जागा तुमच्या कथांत मला दिसत नाही. दुय्यम निबंधकाचं कार्यालय.

बाप वारला की सातबाऱ्यावर वारस नोंद होते, त्यात बहिणींची नावं लागतात. महिन्या-दोन महिन्यांत भाऊ तिला गाडीतून घेऊन येतो. हक्कसोड पत्र. नवी साडी नेसलेली असते, बहुधा भावजयीनं निवडलेली. कॅमेऱ्यापुढं फोटो, यंत्रावर अंगठा, दोन साक्षीदार. मी नियमाप्रमाणं विचारतो, ताई, समजून-उमजून देताय ना? ती भावाकडं बघते आणि म्हणते, मला काय करायचंय, माहेर राहू दे. बाहेर आल्यावर सगळे मिळून मिसळ खातात.

कायदा कधीचा बदललाय. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली बाप हयात होता की नव्हता याच्याशी संबंध नाही. तरी साडी-चोळीवर एकर सुटतो.

यात जात कुठं आली म्हणाल, तर इथंच. पोरगी दुसऱ्या जातीत गेली आणि हिस्सा मागितला तर जमीन परजातीच्या घरात जाते. पळून गेलेल्या पोरींच्या प्रकरणात अब्रूच्या नावानं गळे काढणारे भाऊ मी बघितलेत. फाइल उघडली की आत सातबारा असतोच असतो. बागायत जितकी जास्त तितकी अब्रू मोठी. जमीन असलेल्या जातींतल्या बाईवरचा पहारा आणि जमीन नसलेल्या जातींना गावकुसाबाहेर ठेवणं, हा एकाच कागदाचा व्यवहार आहे. यावर कथा दाखवा मला कुणीतरी.

माणदेशी मुशाफिर

वकीलसाहेब, अण्णा भाऊंची 'आवडी' बघा. कादंबरी हाय, कथा न्हवं. वरच्या कुळीची पोर, रामोश्याच्या धनाजीवर जीव जडतो, आन भावाच्या हातनं तिचा जीव जातो. 'टिळा लावते मी रक्ताचा' हा पिक्चर त्यावरच. पर तिथंबी अब्रूच बोलती, सातबारा न्हाई बोलत. तुमचं खरं हाय.

मिसळीचं लिवलंत ते मात्र जिव्हारी लागलं. आमच्या आत्यांना बी आमी मिसळच चारली हुती.

कृष्णाकाठची

वकीलसाहेब, हे वाचून गटाच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथं शांतता पसरली. सगळ्यांच्या सह्या झालेल्या आहेत, माझीसुद्धा.

फलटणची लेक, तुमचा मुद्दा अर्धा घेते. 'कवच' आणि बागुलांची 'आई' पुढच्या महिन्यात. पण कसोटी सोडत नाही, आणि का ते सांगते. आमच्यासारख्या वाचकांनी 'कवच' वाचली की आम्ही लगेच त्या आईच्या बाजूनं उभ्या राहतो. टाळ्या वाजवतो. फुकटात. 'ठाकुर का कुआँ' मध्ये, 'दो हाथ' मध्ये आम्हाला ती सोय नाही. तिथं आमची जागा आधीच भरलेली आहे, पाणी भरणाऱ्या त्या दोघींमध्ये, बैठक भरवणाऱ्या बेगमांमध्ये. कसोटी तुमच्या कथा मोजायला नाही, आम्हाला कोंडीत पकडायला आहे.

महाश्वेता देवींची 'स्तनदायिनी' त्याच कारणानं हवी. जशोदा गरीब ब्राह्मणाची बायको. नवऱ्याचे पाय श्रीमंत हालदारांच्या पोरानं गाडीखाली चिरडले, मग ती हालदारांच्या घरात दूध पाजणारी म्हणून राहते. ब्राह्मणीचं दूध म्हणून घरभर तिला मान. सुनांची अंगं सुटत नाहीत, त्यांची बाळंतपणं सुखाची. जशोदा मात्र दूध आटू नये म्हणून स्वतःही बाळंत होत राहते. शेवटी स्तनाच्या कॅन्सरनं मरते आणि पाजलेल्यांपैकी एकही पोर जवळ नसतं. इथं जात वरची आहे, तरी बाई मजूरच. पायरीची उतरंड कथेनं उलटी करून दाखवलीय.

प्रीतिसंगम (कराड)

महाश्वेता देवी आल्याच आहेत तर 'बायेन' विसरू नका. मी ती अण्णा भाऊंच्या 'स्मशानातील सोनं' बरोबर लागोपाठ वाचली होती आणि आता दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत.

'स्मशानातील सोनं' चा भीमा वारणेकाठचा. मुंबईच्या उपनगरात खाणीवर होता, खाण बंद पडली. मग प्रेतांच्या राखेतून, मढ्यांच्या तोंडातून सोन्याचे कण काढून घर चालवतो. एका सावकाराचं मढं उकरताना कोल्ह्यांची टोळी तुटून पडते, रात्रभर झुंज. शेवटी मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात आणि पुढं ती तोडावी लागतात. त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. घरात बायको आणि लाडकी पोर नाबदा. बायको आधी विनवते, असलं काम नको. तिचं कुणी ऐकत नाही, घर त्याच सोन्यावर चालतं आणि ती गप्प होते.

'बायेन' ची चंडीदासी डोम, म्हणजे स्मशानाचं काम करणाऱ्या जातीची. लहान मुलांना पुरणं हे तिच्या घराण्याचं पिढीजात काम, बापानंतर तिच्याकडं आलेलं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ती थडग्यांवर काटे रचते. म्हणजे भीमा ज्या कोल्ह्यांशी भांडतो त्याच कोल्ह्यांपासून ही पोरांची मढी राखते. मग तिला स्वतःला मूल होतं, पान्हा फुटतो, आणि दुसऱ्यांची मुलं पुरताना तिचे हात थरथरायला लागतात. गावात मुलं दगावतात आणि संशय तिच्यावर. तिला बायेन ठरवतात, म्हणजे नजरेनं पोरं मारणारी. दवंडी कोण देतं? तिचाच नवरा मलिंदर, जो सरकारी नोकरीत आहे, ज्याला सही करता येते. रुळांच्या कडेला एकटी झोपडी, चालताना मागं डबा खडखडत न्यायचा, म्हणजे लोक बाजूला होतील. स्वतःच्या पोराकडं मान वर करून बघायची बंदी.

फलटणची लेक यांनी घरातल्यांचं विचारलं ते इथं आहे. भीमा मढी उकरतो तरी तो घरचा कर्ता राहतो, लोक त्याला घाबरतात. चंडी मढी झाकते आणि चेटकीण होते. काम तेच, जात तळाचीच. मधे फक्त बाईपण.

बहिष्काराविरुद्ध आपल्याकडं कायदा आहे, २०१७ पासून लागू. चंडीसारख्या बाईनं तो कुणाविरुद्ध वापरायचा? नवऱ्याविरुद्ध?

साताऱ्याचा वकील

सामूहिक ठराव झाला असेल तर ठराव करणाऱ्या सगळ्यांविरुद्ध, त्यात नवरा आला तर तोही. पण तक्रार द्यायला जो जाईल त्याला चहा कोण देणार, हा प्रश्न कलमात बसत नाही.

फलटणची लेक

कृष्णाकाठची ताई, कोंडीत पकडायला म्हणालात ते पटलं. मग एक विचारू? तुमच्या गटात कोण कोण आहे?

कृष्णाकाठची

शिक्षिका जास्त, दोन बँकवाल्या, एक मिरजेच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर. आडनावं सांगत नाही, तुम्ही ओळखलीच असतील. सिस्टर सोडल्या तर सगळी एकाच वळणाची. 'कफन'च्या दिवशी "मग बुधियाचं काय?" हा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

फलटणची लेक

अंदाज आला होता. त्यांना विचारा, 'कवच' च्या दिवशी त्या काय बोलणार आहेत, की त्यांच्याकडूनच सगळं बोलून घ्यायचा बेत आहे? आमच्या वॉर्डातही असंच होतं. जयंतीचं भाषण कुणी करायचं याची चर्चा माझ्याकडं बघूनच सुरू होते.

कृष्णाकाठची

त्यांना काल फोन केला. म्हणाल्या, मी 'स्तनदायिनी' वर बोलते, कॅन्सर वॉर्डात काम केलंय. 'कवच' तुमच्यापैकी कुणीतरी करा, आंबे सगळ्यांनीच घेतलेत.

हळदीचा भाव

या सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

आणि पुस्तकांचं कुणी सांगेल का? आमच्या तालुक्याच्या वाचनालयात 'चौथी भिंत' विचारली तर गडी म्हणाला, नाटक आहे का ते. कुणाकडं असेल तर झेरॉक्स काढून घेतो, पोस्टाचा खर्च माझा.

फलटणची लेक

झेरॉक्स कशाला? विकत घ्या. एका पायली हळदीत येईल.

हळदीचा भाव

यंदाचा भाव बघता दोन प्रती घेतो. एक वाचनालयाला.